केंटकीने मार्क पोपला कोच केलं ते बरोबर होतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला शिकायला आलो आणि इथलाच झालो. केंटकी युनिव्हर्सिटीने एप्रिल २०२४ मध्ये मार्क पोपला बास्केटबॉलचा कोच केलं तेव्हापासून तेच ते प्रश्न येतायत, मंडळाच्या गणपतीत, पार्किंगमध्ये उभं राहून, सांगलीहून भाच्याच्या व्हॉइस मेसेजमधून. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, आणि एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहायला नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाकडे पाठवलंय.

१. कॉलेजच्या कोचवरून एवढं काय? शेवटी कॉलेजची पोरंच ना ती?

केंटकी राज्यात एनबीएची, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगची टीम नाही. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलचीही नाही, बेसबॉलची मेजर लीग टीमही नाही. सगळं राज्य या एका टीमभोवती आहे, डोंगराळ भागातल्या कोळशाच्या खाणींच्या गावांपासून लेक्सिंग्टनच्या घोड्यांच्या फार्मपर्यंत. टीमच्या घरच्या मैदानात, रप अरीनात, वीस हजारांहून जास्त लोक बसतात आणि सीझनमध्ये ती भरते. आठ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, १९४८, १९४९, १९५१, १९५८, १९७८, १९९६, १९९८ आणि २०१२. म्हणजे इथे कोच नेमणं हा डिपार्टमेंटचा मामला राहत नाही, आपल्याकडे मुंबईच्या रणजी टीमचा कॅप्टन कोण यावर ज्याने कधी बॅट हातात धरली नाही तोही तावातावाने बोलतो ना, तसं.

२. मार्च मॅडनेस, सीड, हे काय असतं? थोडक्यात सांगा.

देशभरातल्या ६८ टीम मार्चमध्ये एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, स्पर्धेत उतरतात, एक मॅच हरली की घरी. टीम चार विभागांत वाटतात आणि प्रत्येक विभागात १ ते १६ असे नंबर देतात, त्याला सीड म्हणतात, १ म्हणजे सगळ्यात तगडी. १६ टीम उरल्या की स्वीट सिक्स्टीन, आठ उरल्या की एलिट एट, चार उरल्या की फायनल फोर. कोचचं सगळं वर्ष लोक या तीन आठवड्यांवरून मोजतात. ते कितपत बरोबर आहे ते प्रश्न ६ मध्ये आलंय.

३. आधीच्या कोचला, कॅलिपारीला, काढलं की तो स्वतः गेला?

स्वतः गेला. पण तो तसा सुखासुखी गेला नाही.

जॉन कॅलिपारी १५ सीझन इथे होता. २०१२ चं विजेतेपद त्याचं, चार फायनल फोर त्याचे, २०१४-१५ मध्ये तर टीम ३८-० (३८ विजय, शून्य हार) होती आणि फायनल फोरमध्ये विस्कॉन्सिनकडून हरून ३८-१ वर थांबली. त्याची पद्धत म्हणजे देशातले सगळ्यात गुणी १८ वर्षांचे खेळाडू आणायचे, एक वर्ष खेळवायचे आणि एनबीएला पाठवायचे. जॉन वॉल, अँथनी डेव्हिस, कार्ल-अँथनी टाउन्स, सगळे याच वाटेने गेले.

मग ती पद्धत चालेनाशी झाली, कारण समोर २३-२४ वर्षांचे, चार-पाच वर्षं कॉलेज खेळलेले गडी यायला लागले. कोव्हिडमुळे सगळ्यांना एक जादा वर्ष मिळालं होतं, वर २०२१ पासून कॉलेज बदलणं सोपं झालं. २०२०-२१ ला केंटकी ९-१६. २०२२ ला १५ नंबरच्या सेंट पीटर्सकडून पहिल्याच मॅचला हार. २०२४ ला १४ नंबरच्या ओकलंडकडून पहिल्याच मॅचला हार, ८०-७६, जॅक गोल्की नावाच्या पोराने दहा थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट, मारले. त्या रात्री मी टीव्हीसमोर बसलो होतो, आठव्या थ्रीनंतर खोलीत कोणी बोलेना. बेंचवर रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम होते, दोघंही तीन महिन्यांनी एनबीए ड्राफ्टमध्ये (एनबीए टीम नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या आठात गेले, आणि समोर एक २४ वर्षांचा मुलगा जो जवळपास फक्त थ्रीच मारतो तो त्यांना घरी पाठवत होता.

त्याला काढायचं म्हटलं तर करारानुसार ३ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास द्यावे लागले असते. म्हणून युनिव्हर्सिटीने तो राहतोय असं जाहीर केलं. आणि दोन आठवड्यांत आर्कन्सॉने त्याला बोलावलं आणि तो गेला.

४. पोप नेमका कोण?

१९७२ चा जन्म, ओमाहाचा. पहिली दोन वर्षं वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत खेळला, मग केंटकीला आला आणि १९९६ ला रिक पिटिनोच्या हाताखाली विजेत्या टीमचा कॅप्टन होता. ती ३४-२ ची टीम होती, त्यातले नऊ जण एनबीएत खेळले, इथले जुने लोक आजही तिला या कॉलेजची सगळ्यात भारी टीम मानतात. पुढे पोप स्वतःही काही वर्षं एनबीएत होता, पण स्टार कधीच नव्हता.

खेळणं संपल्यावर तो कोलंबिया युनिव्हर्सिटीत डॉक्टर व्हायला गेला. ते मध्येच सोडून २००९ मध्ये कोचिंगमध्ये शिरला, अगदी खालच्या पायरीवरून. २०१५ ते २०१९ युटा व्हॅली, तिथे पहिल्या वर्षी १२-१८ आणि चौथ्या वर्षी २५-१०. मग २०१९ ते २०२४ ब्रिगम यंग, म्हणजे बीवायू, तिथे ११०-५२.

मला यातली मेडिकल कॉलेजची गोष्ट महत्त्वाची वाटते. डॉक्टरकी सोडून असिस्टंटचा असिस्टंट व्हायला जो तयार होतो त्याला हे काम मनापासून हवं असतं.

५. पण तो पहिली पसंती नव्हताच ना? दुसऱ्यांनी नाही म्हटल्यावर मिळाला.

हो, हे खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. ॲथलेटिक डायरेक्टर मिच बार्नहार्टला बेलर युनिव्हर्सिटीचा कोच स्कॉट ड्र्यू हवा होता, ज्याने २०२१ ला विजेतेपद जिंकलंय. ड्र्यू ११ एप्रिलला नाही म्हणाला. कनेक्टिकटच्या डॅन हर्लीने तर त्याच आठवड्यात सलग दुसरं विजेतेपद घेतलं होतं, तो कशाला हलतोय. बिली डोनोव्हन एनबीएच्या शिकागो बुल्समध्ये कोच, त्यानेही जागा सोडली नाही. आणि १२ एप्रिलला पोपचं नाव जाहीर झालं.

पण मला वाटतं इथे दोन वेगळे प्रश्न लोक एकात घालतात. शोध कसा झाला हा एक, आणि निवडलेला माणूस कसा हा दुसरा. शोध फार चांगला झाला असं मी म्हणणार नाही, कारण मोठ्या नावांपैकी कोण खरंच येऊ शकतं याचा अंदाज आधी असायला हवा होता, राज्यभर लोक आज ड्र्यू येणार उद्या ड्र्यू येणार म्हणत बसले आणि मग तोंडावर पडल्यासारखं झालं. माणूस मात्र चांगला निवडला. लग्नाचं उदाहरण लोक देतात, की तिसऱ्या स्थळाला हो म्हटलं म्हणजे तडजोड. नाही हो, कित्येक संसार तिसऱ्या स्थळाचेच आहेत आणि छान चाललेत.

अजून एक, घाई का केली हे पण विचारतात. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे खेळाडूंनी कॉलेज बदलायचं नाव नोंदवायची खिडकी, त्या वर्षी १ मे ला बंद होत होती. तीन आठवडे कोच शोधत बसले असते तर टीमच उभी राहिली नसती. पोर्टलबद्दल प्रश्न ९ बघा.

६. एनसीएए स्पर्धेत एकही मॅच न जिंकलेला माणूस केंटकीला? हे कसं काय?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. आकडा खरा आहे. नेमणुकीच्या दिवशी पोपचे या स्पर्धेतले विजय शून्य.

आता तो शून्य उघडून बघू. बीवायूत पाच सीझन. २०२० ला टीम २४-८ होती, गेल्या कित्येक वर्षांतली त्यांची सगळ्यात चांगली, आणि कोव्हिडमुळे स्पर्धाच रद्द झाली. २०२१ ला ६ नंबरचं सीड, पहिल्याच मॅचला यूसीएलएकडून हार, आणि तीच यूसीएलए पुढे फायनल फोरपर्यंत गेली. २०२४ ला पुन्हा ६ नंबर, ड्युकेनकडून ७१-६७ ने हार. ही दुसरी हार मी पोपच्या खात्यावर मांडतो, ती मॅच जिंकायला हवी होती. म्हणजे शून्य हा आकडा खरं तर दोन मॅचचा आहे. दोन मॅचवरून माणूस मोजणं मला पटत नाही.

याच्या समोर हे ठेवा. बीवायू २०२३-२४ ला बिग ट्वेल्व्हमध्ये नवीन आली, देशातली सगळ्यात अवघड कॉन्फरन्स (सीझनभर आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट), सीझनच्या आधी कोचेसनी त्यांना १४ पैकी १३ वं धरलं होतं. त्यांनी १०-८ केलं आणि पाचव्या स्थानाच्या बरोबरीत आले. फेब्रुवारीत कॅन्ससला त्यांच्याच घरी, ॲलन फील्डहाउसमध्ये, हरवलं, जिथे बाहेरची टीम जिंकली तर बातमी होते. तेही अशा पोरांना घेऊन, ज्यांच्या मागे कोणी मोठं कॉलेज लागलं नव्हतं. कमी मालात जास्त काम कोण करतो हे बघायचं असेल तर मला एका गुरुवारच्या मॅचपेक्षा हा अख्खा सीझन जास्त सांगतो.

आणि खेळ. पोपची टीम जवळपास निम्मे शॉट थ्रीच्या रेषेबाहेरून घेत होती, पाचही जण पास देणारे, उंच सेंटरसुद्धा रेषेवर उभा राहून बॉल वाटणारा. केंटकीला ज्या खेळाने दोनदा घरी पाठवलं होतं तोच खेळ शिकवणारा माणूस त्यांनी आणला, ही गोष्ट त्या आठवड्यात फार कमी लोकांनी बोलून दाखवली.

७. माजी खेळाडू म्हणून भावनेच्या भरात घेतला असं नाही का?

भावना होती. पण नुसती भावना असती तर मी पण विरोधातच असतो, कारण आपल्या घरचा मुलगा आणायचा हा प्रयोग बऱ्याच ठिकाणी फसलाय. जॉर्जटाउनने पॅट्रिक युइंगला आणलं, तिथला सगळ्यात मोठा खेळाडू, सहा सीझननंतर ७५-१०९ वर काढलं. लुईव्हिलने केनी पेनला आणलं, तो १९८६ च्या विजेत्या टीममधला, दोन वर्षांत १२-५२. मिशिगनने जुवान हॉवर्डला आणलं, तो २०२१ ला एलिट एटपर्यंत गेला आणि २०२४ ला ८-२४ वर संपला.

या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. कॉलेजचा हेड कोच म्हणून तिघांचीही ती पहिलीच नोकरी होती. पोपने येण्याआधी नऊ वर्षं दोन ठिकाणी स्वतःची टीम चालवली होती, खेळाडू आणले होते, असिस्टंट निवडले होते, हरल्यावर पत्रकारांना तोंड दिलं होतं. हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो, थ्री-पॉइंटरपेक्षाही. माजी खेळाडू असणं हा वरचा बोनस आहे, पाया वेगळा लागतो. (नियमाला अपवाद आहेतच, ह्युबर्ट डेव्हिस नॉर्थ कॅरोलायनात आधी कुठेच हेड कोच नव्हता आणि पहिल्याच वर्षी, २०२२ ला, फायनलला पोचला.)

८. आधी सगळे चिडले होते आणि तीन दिवसांत सगळे खूश, असं कसं झालं?

११ एप्रिलच्या रात्री पोपचं नाव फुटलं तेव्हा खरंच लोक संतापले होते. माझ्या फोनवर इथल्या मित्रांचे जे मेसेज आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

१४ एप्रिलला, रविवारी, रप अरीनात त्याचं स्वागत ठेवलं, सगळ्यांना खुलं. मी मुलीला घेऊन गेलो. मला वाटलं होतं अर्धी खाली असेल, तर वरच्या टोकापर्यंत माणसं, जवळपास वीस हजार, एका पत्रकार परिषदेला. आमच्या पुढच्या रांगेत साठीच्या पुढचे एक गृहस्थ होते, अंगात १९९६ ची ती डेनिमसारखी दिसणारी जर्सी, धुऊन धुऊन निळा रंग पार पांढुरका झालेला, शिवण खांद्यावर उसवलेली. त्यांनी मुलीला विचारलं तुझा जन्म कधीचा, ती म्हणाली २०१३, तर ते म्हणाले मग तू विजेतेपदाचा एकही नवा बॅनर लागताना बघितलेला नाहीस. मग बस आत आली, थेट कोर्टावर, तिच्यातून जुन्या टीम्समधले खेळाडू एकेक करून उतरले आणि शेवटी पोप, हातात १९९६ ची ट्रॉफी. त्या गृहस्थांनी टोपी काढली आणि छातीशी धरून उभे राहिले, काही बोलले नाहीत.

कॅलिपारीच्या शेवटच्या वर्षांत लोकांना वाटायला लागलं होतं की हे कॉलेज म्हणजे एनबीएला जायच्या रस्त्यावरचा एक थांबा आहे. पोप त्या दिवशी जे बोलला त्याचा सार एवढाच होता की ही जर्सी मी घातलीय, तिचं वजन मला माहितीय आणि इथे बॅनर लावायलाच आलोय. लोकांना ते ऐकायचं होतं.

पण या दिवसावरून निवड बरोबर ठरत नाही. स्वागताला गर्दी जमणं वेगळं आणि टीम जिंकणं वेगळं. मी प्रश्न ६ आणि ७ मधली कारणं जास्त धरतो.

९. त्याला टीम मिळाली कुठून? सगळे खेळाडू गेले होते म्हणे.

खरं आहे. स्कॉलरशिपवरचा एकही जुना खेळाडू परत आला नाही. काही एनबीएला, काही कॅलिपारीबरोबर आर्कन्सॉला, काही दुसरीकडे. कोरी पाटी.

पोपने पोर्टलमधून टीम बांधली आणि बघा कुठून कुठून आणली. सॅन डिएगो स्टेटचा लमॉन्ट बटलर, डेटनचा कोबी ब्रिया, ओक्लाहोमाचा ओटेगा ओवे, वेक फॉरेस्टचा अँड्र्यू कार, ड्रेक्सेलचा अमारी विल्यम्स, बीवायूहून आपल्याबरोबर आलेला जॅक्सन रॉबिन्सन. बहुतेक चौथ्या-पाचव्या वर्षातले. ड्रेक्सेलसारख्या छोट्या कॉलेजातला सेंटर केंटकीत चालेल का असं लोक विचारत होते, आणि नंतर त्याच सेंटरच्या पासवर अख्खा हल्ला चालायचा. एका वसंतात अख्खी टीम उभी करता येते का ही आताच्या कोचची पहिली परीक्षा आहे, पूर्वी ती नव्हती.

१०. मग पहिला सीझन चांगला होता की ठीकठाक?

चांगला. २४-१२, एसईसीमध्ये, म्हणजे केंटकीच्या कॉन्फरन्समध्ये, १०-८. फक्त हे आकडे बघितले तर बारा पराभव डोळ्यात भरतात, पण त्या वर्षी एसईसीच्या १६ पैकी १४ टीम राष्ट्रीय स्पर्धेत गेल्या, असं आधी कुठल्याही कॉन्फरन्सचं झालं नव्हतं. त्यात केंटकीने राष्ट्रीय क्रमवारीत १५ च्या आतल्या टीमना आठ वेळा हरवलं. ड्यूक, गोंझागा, टेनेसी दोनदा, आणि फ्लोरिडा १०६-१००, जी पुढे राष्ट्रीय विजेती झाली. हे सगळं बटलरचा खांदा, रॉबिन्सनचं मनगट, कर क्रीसाचा पाय, अशा एकामागून एक दुखापती चालू असताना.

मार्चमध्ये ३ नंबरचं सीड, मिलवॉकीत ट्रॉय आणि इलिनॉय या दोघांना हरवलं, आणि स्वीट सिक्स्टीनमध्ये टेनेसीकडून ७८-६५. ज्यांना दोनदा हरवलं त्यांच्याकडूनच तिसऱ्यांदा हार, ते लागलं मनाला. पण २०१९ च्या स्पर्धेनंतर केंटकीने मार्चमध्ये फक्त एक मॅच जिंकली होती, २०२३ ला प्रॉव्हिडन्सविरुद्ध. पोपने पहिल्याच वर्षी दोन जिंकल्या.

११. पण कॅलिपारीने परत येऊन त्याला हरवलंच की!

हो. १ फेब्रुवारी २०२५, रप अरीना, आर्कन्सॉ ८९, केंटकी ७९. आर्कन्सॉ तेव्हा कॉन्फरन्समध्ये १-६ होती. कॅलिपारीच्या टीममध्ये केंटकीहून गेलेले तिघे होते, टीएरो, वॅग्नर आणि इव्हिसिच. आत आल्यावर त्याची हुर्यो उडवली गेली, मला ते आवडलं नाही, २०१२ त्या माणसानेच दिलं.

त्या रात्री दुखलं. पण एका मॅचवरून कोण बरोबर हे ठरत नाही. तसं बघायचं तर त्या वर्षी दोघंही स्वीट सिक्स्टीनला थांबले, केंटकी टेनेसीसमोर आणि आर्कन्सॉ टेक्सस टेकसमोर ओव्हरटाइममध्ये. मला वाटतं ती फारकत दोघांच्याही भल्याची झाली. कॅलिपारी वाईट कोच नाही, इथे त्याचं आणि लोकांचं एकमेकांशी बोलणं संपलं होतं.

१२. निकाल बघितल्याशिवाय निवड चांगली की वाईट हे ठरवायचं कसं?

माझं सगळं म्हणणं याच प्रश्नात आहे म्हणून जरा सविस्तर.

निवड ज्या दिवशी होते त्या दिवशी काय माहीत होतं आणि कोण मिळू शकत होतं, यावरून ती तपासायची. नंतर काय झालं ते कोचचं मोजमाप आहे, नेमणुकीचं नाही. दोन्ही एकच धरलं की नुसतं जिंकलो तर शहाणे, हरलो तर मूर्ख, असं होतं, आणि पुढच्या वेळी कोच निवडताना हातात काहीच राहत नाही.

इथलंच उदाहरण आहे. २००७ ला याच बार्नहार्टने, तेव्हाही डोनोव्हन आला नाही म्हणून, बिली गिलिस्पीला टेक्सस ए अँड एमहून आणलं. कागदावर गिलिस्पी पोपपेक्षा भारी होता, त्याच मार्चमध्ये स्वीट सिक्स्टीनला जाऊन आला होता. पहिल्याच नोव्हेंबरात गार्डनर-वेबसारख्या छोट्या कॉलेजने रप अरीनात येऊन हरवलं, दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेतच जागा मिळाली नाही, १९९१ नंतर पहिल्यांदा, आणि दोन वर्षांत तो गेला. म्हणजे मार्चमधले विजय बघून कोच घ्यायचा प्रयोग याच कॉलेजने केलेला आहे. त्याच्याकडे काय नव्हतं? या नोकरीचा अर्धा भाग लोकांसमोर उभं राहणं आहे, देणगीदार, माजी खेळाडू, रोज रेडिओवर ओरडणारे चाहते, आणि त्याला ते नकोसं होतं. पोपला ते काय असतं हे एकविसाव्या वर्षापासून माहीत होतं. मुलाखतीत विचारावं असं हे आहे आणि नेमणुकीच्या दिवशी कळण्यासारखंही आहे, म्हणून मी ते धरतो.

१३. पैशाच्या दृष्टीने कसा सौदा झाला?

पाच वर्षं, एकूण सुमारे २ कोटी ७५ लाख डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी ५५ लाख. कॅलिपारीला वर्षाला ८५ लाखांच्या आसपास मिळत होते. वर तो स्वतः गेल्यामुळे प्रश्न ३ मधले ते ३ कोटी ३० लाख वाचले. आता खेळाडूंनाही पैसे मिळतात, २०२१ पासून नावाचे आणि जाहिरातींचे, आणि जुलै २०२५ पासून कॉलेज थेट स्वतःच्या उत्पन्नातून देऊ शकतं, त्यामुळे कोचवर वाचलेला पैसा टीमकडे वळवता येतो. या बाजूने निवडीला नावं ठेवायला जागा नाही.

१४. आपल्या क्रिकेटमध्ये असं काही झालंय का? बाबांना समजावून सांगायचंय.

२०२२ ची रणजी फायनल सांगा त्यांना. मध्य प्रदेशचा कोच चंद्रकांत पंडित, मुंबईचा अमोल मुझुमदार, दोघंही आचरेकर सरांचे. पंडित १९९९ ला बेंगळुरूला मध्य प्रदेशचा कॅप्टन म्हणून रणजी फायनल हरला होता, तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर कोच म्हणून जिंकला. जुन्या कॅप्टनने परत यायचं म्हणजे काय ते त्यांना लगेच कळेल. फरक एवढाच की पंडितने त्याआधीच मुंबई आणि विदर्भाला रणजी जिंकून दिली होती, पोपकडे तशी शिदोरी नव्हती.

आणि कागदावरच्या उणिवेचं उदाहरण हवं असेल तर मुझुमदार. भारताकडून एकही मॅच न खेळलेला माणूस २०२३ ला महिला टीमचा कोच झाला, त्यावर लोक बोलले, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला.

१५. विरोधातला कुठला मुद्दा तुम्हाला खरंच जड वाटतो?

डिफेन्स. शून्य विजयांचा मुद्दा मी सोडवून दाखवला, पण बीवायूतही पोपची टीम हल्ल्यावर जगायची आणि केंटकीतही पहिल्या वर्षी शंभर मारून शंभर खाणारी टीम होती. फ्लोरिडाविरुद्धचे १०६ सगळे आठवतात, समोरचे १०० कोणी आठवत नाही. हे नेमणुकीच्या दिवशी दिसत होतं, त्यामुळे माझ्याच कसोटीवर, प्रश्न १२ च्या, हा मुद्दा धरायलाच लागतो. बार्नहार्टने मुलाखतीत यावर किती वेळ घालवला असेल असं मला नेहमी वाटतं.

१६. आणि पुढे सगळं बिघडलं तर तुम्ही मत बदलणार का?

५ डिसेंबर २०२५ ला नॅशव्हिलला गोंझागाने ९४-५९ ने हरवलं. पस्तीस पॉइंट. आपल्याच लोकांनी टीमची हुर्यो उडवली, आणि दुसऱ्या दिवशी मला सगळ्यात जास्त आलेला मेसेज होता, आता बोला. दोनच आठवड्यांनी अटलांटात त्याच टीमने सेंट जॉन्सला, म्हणजे पोपच्या स्वतःच्या गुरूच्या, पिटिनोच्या टीमला, ७८-६६ ने हरवलं, तेव्हा मात्र आता बोला असं कोणी पाठवलं नाही.

माझं उत्तर दोन्ही दिवशी तेच होतं. पोप कोच म्हणून कमी पडला तर मी तसं म्हणेन, त्याला काढायची वेळ आली तर तेही म्हणेन. एप्रिल २०२४ ची निवड चुकीची होती असं मी फक्त एकाच गोष्टीवर म्हणेन, ती म्हणजे त्या आठवड्यात त्याच्यापेक्षा चांगला आणि खरंच यायला तयार असलेला माणूस कोणी मला दाखवला तर. दीड वर्ष विचारतोय. ड्र्यू, हर्ली, डोनोव्हन ही तीन नावं येतात, आणि तिघं नाही म्हणाले होते.

१७. मला बास्केटबॉल कळत नाही, एकच मॅच बघायची तर कुठली बघू?

१२ नोव्हेंबर २०२४ ची अटलांटातली ड्यूकविरुद्धची. भारतात तेव्हा १३ तारखेची सकाळ होती, भाच्याने कॉलेजला उशिरा जाऊन बघितली. हाफटाइमला केंटकी मागे होती. शेवटी ७२-७२, बॉल कूपर फ्लॅगच्या हातात, त्या वर्षीचा देशातला सगळ्यात मोठा खेळाडू, आणि तो बास्केटकडे वळताना ओवेने हात घालून बॉल काढून घेतला, पळाला, फाउल झाला, दोन्ही फ्री थ्रो टाकले. ७७-७२. शेवटची पाच मिनिटं तरी बघाच, आणि बघताना एवढं लक्षात ठेवा की हे पाचही जण सात महिन्यांपूर्वी वेगवेगळ्या कॉलेजांत होते.